शेवंतीचा चौकोन: क्रोशाचं पहिलं फूल विणताना

क्रोशा नव्याने शिकणाऱ्याने सुरुवातीलाच रुमाल किंवा तोरण करायला घेऊ नये, चौकोन घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. रुमाल महिनाभर चालतो आणि मधेच चुकला की कपाटात जाऊन पडतो. चौकोन एका संध्याकाळी होतो. बिघडला तर दहा-बारा ग्रॅम लोकर उसवायची, तीही गुंडाळून परत वापरता येते. आणि या एका चौकोनात साखळी, खांब, उंच खांब, पाकळी, रंग बदलणं, कोपरा वळवणं असं पुढे लागणारं जवळजवळ सगळं येऊन जातं.

याला ग्रॅनी स्क्वेअर म्हणतात. अमेरिकेत या चौकोनाचा छापील नमुना १८८५ साली ‘प्रेअरी फार्मर’ या नियतकालिकात आला होता. उरल्यासुरल्या लोकरीचे छोटे चौकोन करून ठेवायचे आणि पुरेसे जमले की जोडून पांघरूण करायचं, ही त्यातली मूळ सोय. आपल्याकडच्या गोधडीशी तिचं नातं सांगायला नको. मी इथे दिलेल्या चौकोनात मधोमध पिवळ्या डोळ्याची पांढरी शेवंती आहे, तिच्याभोवती हिरवं कडं आणि बाहेर किरमिजी चौकट. फूल बारा पाकळ्यांचं. हा बारा आकडा लक्षात ठेवा, सगळा चौकोन त्याच्यावर उभा आहे.

माझे पहिले तीन चौकोन वाकडे झाले. तिन्ही वेळा कारण एकच होतं: फेरी संपल्यावर मी मोजलं नव्हतं. म्हणून खाली प्रत्येक फेरीनंतर मोजणी दिली आहे. ती टाळू नका.

## १. सामान

- मध्यम जाडीची, गुळगुळीत अॅक्रिलिक लोकर, चार रंगांत: पिवळा, पांढरा, हिरवा, किरमिजी
- ४ मि.मी.ची क्रोशाची सुई
- लोकर ओवायची, मोठ्या नेढ्याची बोथट सुई
- कात्री, मोजपट्टी
- दोन-चार सेफ्टी पिना, खुणेसाठी
- शेवटी ताणून बसवायला थर्माकोलचा तुकडा आणि न गंजणाऱ्या टाचण्या

दुकानात नुसतं ‘क्रोशाची सुई द्या’ म्हटलंत तर बऱ्याचदा पोलादाची बारीक सुई हातात येते. ती रुमालाच्या सुती धाग्यासाठी असते, टोक एक-दीड मिलिमीटरचं. त्या सुईने लोकर विणायला गेलात तर धाग्याचे पदर फाटतात, बोट दुखतं आणि ‘मला हे जमणारच नाही’ असं वाटायला लागतं. लोकरीसाठी अॅल्युमिनियमची सुई मागा आणि दांड्यावर कोरलेला आकडा स्वतः वाचा. लोकरीच्या वेष्टनावरही सुईचा आकडा असतो. साडेतीन ते चार मि.मी. लिहिलेली लोकर या कामाला योग्य.

पहिल्या चौकोनाला केसाळ लोकर नको. तिच्यात टाके दिसत नाहीत आणि उसवताना धागे एकमेकांत अडकतात. काळा रंगही नको, रात्री दिव्याखाली त्यातलं काही म्हणजे काही दिसत नाही.

लोकर किती लागेल? सगळे रंग मिळून एका चौकोनाला साधारण १० ग्रॅम. पण तुमचा हात माझ्यापेक्षा सैल किंवा घट्ट असणार, तेव्हा पहिला चौकोन झाला की स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून बघा आणि हव्या तितक्या चौकोनांनी गुणा. चौकटीचा रंग एकदमच घ्या. एका वेळी एकत्र रंगवलेल्या लोकरीला वेष्टनावर एकच क्रमांक असतो, डाय लॉट म्हणतात त्याला. तो सगळ्या गुंड्यांवर सारखा आहे ना ते बघा. मी एकदा दोन महिन्यांनी त्याच दुकानातून ‘तोच’ किरमिजी आणला. दुकानात एकसारखा दिसला, घरी उन्हात धरल्यावर एक विटकरीकडे झुकलेला आणि दुसरा जांभळाकडे. उशीच्या अभ्र्यात त्या नव्या लोकरीचे तीन चौकोन आजही ओळखू येतात.

## २. टाक्यांची नावं आधी पक्की करा

इथे नव्या माणसाची सगळ्यात मोठी फसगत होते. इंग्रजी नमुन्यांत दोन पद्धती आहेत, अमेरिकी आणि ब्रिटिश, आणि दोन्हींत तीच नावं वेगवेगळ्या टाक्यांना दिलेली आहेत. अमेरिकी ‘सिंगल क्रोशे’ म्हणजे ब्रिटिश ‘डबल क्रोशे’. अमेरिकी ‘डबल’ म्हणजे ब्रिटिश ‘ट्रेबल’. व्हिडिओ एका पद्धतीचा आणि छापील नमुना दुसऱ्या पद्धतीचा असला की काम निम्म्या उंचीचं तरी होतं नाहीतर दुप्पट. नमुन्यात कुठेही ‘सिंगल क्रोशे’ हे शब्द दिसले तर तो अमेरिकी पद्धतीचा आहे असं समजा, कारण ब्रिटिश पद्धतीत हे नाव वापरतच नाहीत.

आपली मराठी नावं या बाबतीत सरळ आहेत. माझी आजी तोरण विणताना पुटपुटायची, ‘तीन साखळ्या, एक खांब, एक घर’, आणि कानावर पडणाऱ्यालाही चित्र दिसायचं. मी तीच नावं वापरते.

साखळी: सुईवर धागा घ्या आणि सुईवरच्या फासातून ओढून काढा.

स्लिप स्टिच: सुई टाक्यात घाला, धागा घ्या, टाक्यातून आणि सुईवरच्या फासातून एकदमच बाहेर काढा. याला उंची नसते, जोडायला आणि पुढे सरकायला वापरायचा.

मुका खांब: सुई टाक्यात घाला, धागा ओढून घ्या. सुईवर दोन फास दिसतील. पुन्हा धागा घ्या आणि दोन्हींतून काढा.

खांब: आधी सुईवर धाग्याचा एक वेढा घ्या, मग सुई आत घाला आणि धागा ओढून घ्या. तीन फास झाले. धागा घेऊन दोनांतून काढा, पुन्हा धागा घेऊन उरलेल्या दोनांतून काढा. अमेरिकी नमुन्यातला ‘डबल क्रोशे’ तो हाच.

उंच खांब: सुरुवातीला एकाऐवजी दोन वेढे. मग दोन-दोन फास करत तीनदा काढायचे.

घर: दोन खांबांच्या किंवा दोन गटांच्या मधली मोकळी जागा. या चौकोनात पहिली फेरी सोडली तर बहुतेक सुई घरातच घालायची आहे, टाक्याच्या डोक्यात नाही. म्हणूनच हा नवशिक्याला सोपा जातो.

एक संध्याकाळ फक्त पट्टी विणा. पंधरा साखळ्या आणि त्यावर खांबांच्या चार-पाच ओळी. पट्टी वाकडी होईल, होऊ दे. डाव्या हाताच्या तर्जनीवरून धागा किती ताणाने सुटतो हे हाताला कळावं, एवढ्यासाठीच ती आहे. मग पट्टी आडवी धरून वरच्या कडेकडे जवळून बघा. वेणीसारखी एक रांग दिसेल. त्या वेणीचा एकेक पेड म्हणजे एकेका टाक्याचं डोकं. मोजायचं असतं ते हेच. ही वेणी ओळखू यायला लागली की पुढचं काम अर्ध्याने हलकं होतं.

डावखुऱ्यांनी सुई डाव्या हातात धरावी. फेरी उलट दिशेने फिरेल, एवढाच फरक. आकडे तेच.

## ३. पहिली फेरी: पिवळा डोळा

सरकगाठ मारून सुईवर घ्या. धाग्याची शेपटी निदान १५ से.मी. ठेवा. ४ साखळ्या विणा आणि पहिल्या साखळीत स्लिप स्टिच घालून कडी करा. मॅजिक रिंगने, म्हणजे बोटाभोवती धाग्याचा वेढा घेऊन केलेल्या आणि नंतर ओढून आवळता येणाऱ्या कडीने, मधलं भोक पूर्ण बुजतं हे खरं, पण पहिल्याच दिवशी ती बोटावरून निसटते आणि जीव रडकुंडीला येतो. ती तिसऱ्या-चौथ्या चौकोनाला शिका.

आता ३ साखळ्या. या तीन साखळ्या म्हणजे पहिला खांब, तो मोजणीत धरायचा. मग कडीच्या आत सुई घालून ११ खांब. शेवटी सुरुवातीच्या तिसऱ्या साखळीत स्लिप स्टिच. धागा कापा आणि फासातून ओढून घ्या.

मोजणी: तीन साखळ्यांचा एक आणि अकरा, असे १२ खांब.

मोजून झाल्यावर खांबांच्या मधली घरंही मोजा. तीही १२ हवीत. बारावं घर लपलेलं असतं. शेवटचा खांब आणि सुरुवातीच्या तीन साखळ्या यांच्या मधोमध, स्लिप स्टिचच्या खाली, ते अगदी चिंचोळं होऊन बसतं. माझ्या पहिल्या फुलाला अकरा पाकळ्या आल्या त्या याच घरामुळे. सुईचं टोक तिथे घालून जरा रुंद करा आणि सेफ्टी पिन लावून ठेवा.

विणताना तुमच्यासमोर आहे ती सुलट बाजू. पुढच्या सगळ्या फेऱ्या याच बाजूने विणायच्या, काम कुठेही उलटायचं नाही.

## ४. दुसरी फेरी: पाकळ्या

हीच फेरी सगळ्यात सुंदर आणि हीच चुकते, म्हणून सावकाश.

पांढरा धागा कुठल्याही एका घरातून ओढून घ्या आणि ३ साखळ्या विणा. ती पहिल्या पाकळीची पहिली काडी. आता त्याच घरात खांब सुरू करा, पण पुरा करू नका: वेढा घ्या, सुई आत, धागा ओढा, दोन फासांतून काढा आणि थांबा. शेवटचा फास सुईवर राहू द्या. त्याच घरात असाच आणखी एक अर्धवट खांब. सुईवर आता ३ फास आहेत. धागा घ्या आणि तिन्हींतून एकदम काढा. तीन काड्यांची डोकी एकत्र येतात, बुंधे पसरलेले राहतात आणि पाकळी तयार होते. मग २ साखळ्या.

पुढच्या घरात दुसरी पाकळी. इथे सुरुवातीच्या साखळ्या नाहीत, म्हणून तीन अर्धवट खांब. सुईवर ४ फास झाले पाहिजेत. चारांतून एकदम धागा काढा, मग २ साखळ्या. असं प्रत्येक घरात. बाराव्या पाकळीनंतरच्या २ साखळ्या विणून पहिल्या पाकळीच्या डोक्यात स्लिप स्टिच घाला, धागा कापा.

मोजणी: १२ पाकळ्या आणि २ साखळ्यांची १२ घरं.

चार फासांतून धागा काढताना एखादा फास हटकून अडकतो. जोर लावू नका. सुईचं तोंड खाली, स्वतःच्या दिशेने वळवा आणि डाव्या हाताच्या अंगठा-मधल्या बोटाने पाकळीचा बुंधा धरून खाली ओढा. फास उभे राहतात आणि सुई त्यांच्यातून लोण्यातून गेल्यासारखी जाते. तरीही अडकत असेल तर फास सुईच्या निमुळत्या मानेवर घट्ट आवळले गेलेत. ते जाड दांड्यावर यायला हवेत.

पाकळी एका बाजूला कलली तर तीनपैकी एक काडी घरात न जाता पिवळ्या खांबाच्या धाग्यातच घुसली असणार. तेवढीच पाकळी उसवा.

फूल टेबलावर ठेवून बघा. वाटीसारखं वर उचललं जातंय? मग मधल्या दोन साखळ्यांपैकी एक कुठेतरी राहिली आहे, नाहीतर साखळ्या फार आवळल्या आहेत. कडा लाटांसारख्या उठतात? साखळ्या सैल किंवा जास्त झाल्या. थोडीशी वाटी पुढच्या फेरीत बसते, मोठी बसत नाही.

## ५. तिसरी फेरी: हिरवं कडं

हिरवा धागा कुठल्याही घरातून ओढा. ३ साखळ्या आणि त्याच घरात २ खांब. मग प्रत्येक घरात ३ खांब. दोन गटांच्या मधे साखळी घालायची नाही. शेवटी तिसऱ्या साखळीत स्लिप स्टिच, धागा कापा.

मोजणी: तीन-तीनचे १२ गट, ३६ खांब.

इथपर्यंत काम गोल आहे. इथेच थांबलात तर कपाखाली ठेवायची छान चकती होते.

## ६. चौथी फेरी: गोलाचा चौकोन

गोलाला कोपरे फुटतात ते उंचीमुळे. कोपऱ्यात उंच खांब, बाजूला साधे खांब, बस्स. आता सुई घालायची ती हिरव्या गटांच्या मधल्या घरात.

किरमिजी धागा कुठल्याही घरातून ओढा. ४ साखळ्या, हा पहिला उंच खांब. त्याच घरात आणखी २ उंच खांब, २ साखळ्या, ३ उंच खांब. झाला एक कोपरा. पुढच्या घरात ३ साधे खांब. त्याच्या पुढच्या घरात ३ साधे खांब. त्याच्या पुढच्या घरात परत कोपरा: ३ उंच खांब, २ साखळ्या, ३ उंच खांब.

मनातल्या मनात चाल धरा: कोपरा, तीन, तीन, कोपरा, तीन, तीन. चार वेळा. शेवटी सुरुवातीच्या चौथ्या साखळीत स्लिप स्टिच. धागा कापू नका.

मोजणी: ४ कोपरे आणि प्रत्येक बाजूला कोपऱ्याच्या अर्ध्या गटांसह ४ गट.

पाकळ्या अकरा झाल्या असतील तर ते इथे उघडं पडतं. चौथ्या बाजूला एकच गट बसतो आणि चौकोनाची एक बाजू आखूड होते. अशा वेळी एका घरात दोन गट कोंबून वेळ मारून नेता येते, मी नेलीही आहे. पण नऊ चौकोन शेजारी ठेवले की नजर बरोबर त्याच्यावर जाते. किरमिजी आणि हिरवी फेरी उसवा, पाकळ्यांपर्यंत जा. वीस मिनिटांचं काम आहे.

## ७. पाचवी फेरी आणि काठ

त्याच धाग्याने पुढच्या दोन उंच खांबांच्या डोक्यांवरून स्लिप स्टिच घालत कोपऱ्याच्या घरात पोचा. ३ साखळ्या, २ खांब, २ साखळ्या, ३ खांब. आता कोपऱ्यातही साधेच खांब. मग बाजूच्या तिन्ही घरांत ३-३ खांब, पुढच्या कोपऱ्यात ३ खांब, २ साखळ्या, ३ खांब. असं भोवती फिरून या.

मोजणी: प्रत्येक बाजूला ५ गट, म्हणजे १५ खांब.

यानंतर मुक्या खांबांचा एक काठ घालाच. प्रत्येक खांबाच्या डोक्यात एक मुका खांब, कोपऱ्याच्या घरात ३. बाजूचे १५ आणि कोपऱ्याचे ३, असे चौपट करून ७२. काठामुळे जोडताना टाक्याला टाका मिळतो. माझा चौकोन काठासह १२ से.मी.च्या आसपास भरतो.

## ८. शेपट्या लपवणं

कंटाळवाणं काम, पण न केल्यास पहिल्याच धुण्यात पाकळ्या सुटायला लागतात. अॅक्रिलिक निसरडी असते. बोथट सुईत शेपटी ओवा, उलट बाजूने त्याच रंगाच्या टाक्यांतून दीडेक इंच न्या, एक धागा सोडून परत उलट दिशेने आणा, मग तिसऱ्यांदा आडवी. पांढरी शेपटी पांढऱ्यामागेच राहिली पाहिजे. किरमिजीतून गेली तर सुलट बाजूने डोकावते. पिवळ्या सुरुवातीच्या शेपटीने मधलं भोक जरा आवळून घ्या.

प्रत्येक चौकोन संपला की लगेच शेपट्या लपवा. नऊ चौकोनांच्या सत्तर-ऐंशी शेपट्या एकदम समोर आल्या की हातच लागत नाही.

## ९. ताणून बसवणं

थर्माकोलवर १२ से.मी.चा चौकोन पेनाने आखा. त्यावर विणलेला चौकोन ठेवून आधी चार कोपरे, मग बाजूंच्या मध्यावर टाचण्या लावा. पाण्याचा हलका फवारा मारा आणि पंख्याखाली रात्रभर वाळू द्या. इस्त्री टेकवू नका. अॅक्रिलिक हा प्लास्टिकचाच भाऊबंद, गरम इस्त्रीखाली पाकळ्या चपट्या होऊन चकाकायला लागतात आणि पुन्हा कधी फुगत नाहीत.

## १०. जोडणं

असे नऊ चौकोन, तीन बाय तीन, म्हणजे १४ इंची उशीचा एक दर्शनी भाग. दोन चौकोनांच्या सुलट बाजू समोरासमोर ठेवा, कोपऱ्यांना सेफ्टी पिना लावा आणि दोन्हींच्या काठांतून सुई घालत मुक्या खांबांनी जोडा. आधी तीन-तीनच्या तीन पट्ट्या करा, मग पट्ट्या एकमेकींना. चार कोपरे जिथे भेटतात तिथे धागा आवळू नका, नाहीतर मधे वर आलेली गाठ बसते.

मागच्या बाजूला जुन्या सुती साडीचं कापड लावलं तरी चालतं, आमच्याकडे तसंच आहे. धुताना थंड पाणी, पिळायचं नाही, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढायचं आणि सावलीत आडवं पसरायचं. दोरीवर टांगलंत तर ओल्या लोकरीच्या वजनाने खालची रांग लांबते.